कुठून सुरू करू?

"सिरीज सांग ना एखादी. साय-फाय. पण सोपी हं."

कॉलेजात आल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, मोजलेलं नाही. आपल्या मंडळात प्रत्येकाची एक ओळख ठरून जाते. कुणी कविता करतं, कुणी सूत्रसंचालन करतं, कुणाला फक्त चहा सांगायला पाठवतात. माझी ओळख 'ती अंतराळवाली'. फर्स्ट इयरला पहिल्याच सभेत मी आवडता लेखक जयंत नारळीकर आणि आवडती सिरीज 'स्टार ट्रेक' असं सांगितलं होतं, तेव्हापासून ती चिकटली.

असं कुणी विचारलं की मला फार बरं वाटायचं. माझ्या फोनमध्ये यादी तयारच होती. १७ सिरीज. प्रत्येकीचे सीझन किती, कुठल्या क्रमाने बघायच्या, कुठले भाग सोडले तरी चालतील, सगळं लिहिलेलं. ती मी कॉपी करून पाठवायचे आणि खाली लिहायचे, "पहिला सीझन जरा सहन कर, पुढे भारी आहे." समोरून एक अंगठा यायचा. मग काहीच नाही. अडीच वर्षांत त्या यादीतली एकही सिरीज कुणी शेवटपर्यंत पाहिली नाही. एका मैत्रिणीने तर तोंडावर सांगितलं, "अगं, यादी बघूनच दमले. सिलॅबस वाटला."

मला राग आला. लोकांना चांगलं काही बघायचंच नसतं, असं मी ठरवून टाकलं. चूक लोकांची नव्हती, माझी होती, हे मला २०२४ च्या नाताळच्या सुट्टीत कळलं. आणि ते कळलं माझ्या आजीमुळे, जिने तोवर एकही इंग्रजी सिरीज पाहिली नव्हती.

आजी ७६ वर्षांची. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात पुढची, खिडकीजवळची खोली तिची. वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणायची आणि संपवायची, हा तिचा नेम. त्या डिसेंबरात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी डाव्याचं व्हायचं होतं आणि नव्या चष्म्याचा नंबर त्यानंतर महिन्याभराने मिळणार होता. म्हणजे जवळजवळ दोन महिने वाचन बंद. टीव्ही लांबून बघायला डॉक्टरांची ना नव्हती. आई शाळेत, बाबा ऑफिसात, सुट्टी एकट्या मला. त्यामुळे दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं.

"दोन महिने काय करू गं मी? भिंतीकडे बघून राहू?" आजी म्हणाली.

मला वाटलं, आली संधी! यादी काढली.

पहिला प्रयोग 'डार्क'चा. जर्मन सिरीज, २०१७ ते २०२० या काळात आलेली, माझी अत्यंत लाडकी. विंडेन नावाचं काल्पनिक गाव, चार कुटुंबं, ३३ वर्षांचं चक्र. दहा मिनिटं झाल्यावर आजीने विचारलं, "हे काय बोलून राहिले?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सबटायटल वाचायला डोळे लागतात, आणि इथे डोळ्यांचंच ऑपरेशन झालं होतं.

दुसरा प्रयोग 'गेम ऑफ थ्रोन्स'. हा मी का केला ते मला आजही सांगता येणार नाही. राजे, राण्या, घराणी आहेत, ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्या आजीला आवडेल, असा काहीतरी हिशेब होता. ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं माहीत आहे. मी रिमोटवर झडप घातली तोवर उशीर झाला होता. आजी शांतपणे म्हणाली, "एवढी थंडी म्हणतात तिकडे, अंगावर काही घालायला सांग त्यांना."

तिसऱ्या दिवशी 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'. अगदी नियमाने, १९८७ च्या पहिल्या भागापासून, कारण सिरीज पहिल्या भागापासूनच बघायची असते ना! मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. आजीने एकच प्रश्न विचारला, "हे लोक घरी कधी जातात?" मी म्हटलं, "आजी, जहाज हेच त्यांचं घर." "असं होय," म्हणाली आणि पाच मिनिटांत तिला झोप लागली.

मी वैतागले. संध्याकाळी गराडू खाता खाता जरा फणकाऱ्यानेच विचारलं, "मग तुला आवडतं तरी काय?"

"हे आधी विचारायचंस," ती म्हणाली.

मग ती बोलायला लागली. तिला 'चंद्रकांता' आवडायची. देवकीनंदन खत्रींच्या कादंबरीवरची, दूरदर्शनवर १९९४ साली सुरू झालेली सिरीज. वेष पालटणारे ऐयार, तिलिस्म, जाड भुवयांचा क्रूरसिंह. ती मला तिलिस्म म्हणजे काय ते समजावून सांगत होती आणि मी बघतच राहिले. ज्या बाईला मी फॅन्टसीची ओळख करून द्यायला निघाले होते, तिची ओळख माझ्या जन्माआधीच झालेली होती.

"रविवारी सकाळी हरसूदला आपल्या घरात अर्धी गल्ली जमायची," आजी म्हणाली. "लाइट गेली की सगळे मिळून बोंब मारायचे."

हरसूद. हे नाव आमच्या घरात फार कमी निघतं. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. हरसूद हे खंडवा जिल्ह्यातलं गाव, जवळजवळ ७०० वर्षांचं जुनं म्हणत. नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात ते गेलं. १९८९ साली तिथे धरणांविरुद्ध मोठा मेळावा झाला होता, बाबा आमटेही आले होते. पण २००४ च्या जूनअखेर गाव रिकामं करायचं ठरलं आणि लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी पाडली. आजी लग्न होऊन १९६८ साली त्या गावात आली होती. ३६ वर्षं राहिली. बाबा नोकरीनिमित्त आधीच इंदूरला आले होते, मग आजी-आजोबाही आले. मी त्याच पावसाळ्यात जन्मले. आजोबा २०१५ साली गेले. मला हरसूदबद्दल माहीत होतं ते एवढंच. बाबांना विचारलं तर ते विषय बदलायचे आणि आजीला विचारायचं नाही, असं न सांगता ठरलेलं होतं.

त्या रात्री मी आजीच्या प्रश्नाचा विचार करत होते. हे लोक घरी कधी जातात? तिला कादंबरीतही तेच लागतं. घरात कोण कोण आहे, चूल कुठे आहे, सुनेशी कसं वागतात. मग मला 'द नेक्स्ट जनरेशन'चाच एक भाग आठवला ज्यात घर आहे. 'द इनर लाइट', पाचवा सीझन, १९९२. सिरीजचे एकूण १७८ भाग, त्यातला हा एकटा उचलून बघितला तरी चालतो. त्याला १९९३ चं ह्युगो पारितोषिकही मिळालं होतं. मी तो निवडला तो फक्त घरासाठी. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं, हे खरंच सांगते.

गोष्ट अशी. जहाजाचा कप्तान पिकार्ड बेशुद्ध पडतो आणि एका अनोळखी घरात जागा होतो. समोर एक बाई. ती म्हणते, मी तुमची बायको, तुम्ही तापात होता. तुमचं नाव कॅमिन, तुम्ही या गावात लोखंडाचं काम करता. तो सांगत राहतो की मी कप्तान आहे, मला जहाजावर परत जायचंय. गावातले लोक सौजन्याने ऐकून घेतात. वर्षं जातात.

"बायको खरी आहे का?" आजीने विचारलं.

"ते नंतर कळेल."

"तिचं किती ऐकून घ्यायचं राहिलंय त्याच्याकडून," आजी म्हणाली. "पाच वर्षं झाली आणि हा अजून दुर्बीण घेऊन आभाळात बघतो."

ती झोपली नव्हती. उशीला टेकून होती, ती सरळ बसली. मी वाक्यावाक्याला थांबवून सांगत होते आणि ती "हां, पुढे" म्हणत होती. कॅमिनला मुलं होतात, तो बासरी शिकतो. आणि हळूहळू लक्षात येतं की गावावर दुष्काळ येतोय. पाऊस नाही, माती मरत चालली आहे. पाऊस आला नाही तरी कॅमिनच्या मित्राने गावात एक झाड लावलेलं आहे, लोक आपल्या वाटणीचं पाणी त्याला घालतात.

"पाणी नाही म्हणून गाव जाणार?" आजीने विचारलं.

"हो."

"आपलं पाण्यात गेलं," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की मी काय लावून बसले आहे. हातपाय गार पडले. गाव जाणार हे पक्कं, वाचवता येणार नाही हेही पक्कं, आता आपली आठवण कुणापाशी ठेवायची एवढाच प्रश्न त्या लोकांपुढे उरलेला, अशा गोष्टीसमोर मी माझ्या आजीला आणून बसवलं होतं. मी रिमोट उचलला. "बंद करू का आजी? दुसरं काही बघू."

"राहू दे. बघू दे मला."

शेवटची पाच मिनिटं मी इथे सांगणार नाही. ती तुम्ही स्वतः बघा. मलाही ती नीट सांगता आली नाहीत, मध्येच आवाज बसला. आजी म्हणाली, "कळलं मला, नको सांगूस." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी घाबरून ओरडले, "आजी, चोळू नकोस! डोळा चोळायचा नाही!" कापूस आणला, हलक्या हाताने टिपलं. ती रडता रडता हसायला लागली. त्या दिवशी थेंब अर्धा तास उशिरा घातले. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.

दिवसभर ती गप्प होती. मला वाटत होतं आपण मोठा गुन्हा केला. रात्री जेवताना तिने बाबांना विचारलं, "मागच्या अंगणातलं सीताफळाचं झाड कुणी लावलं होतं रे?"

बाबा म्हणाले, "मी. पाचवीत असताना. तू म्हणालीस जगणार नाही."

"जगलं ना पण."

"जगलं."

त्यानंतर दोन तास ती दोघं बोलत होती. आई आणि मी ताटं न उचलता ऐकत होतो. कवेलू कसे उतरवले, एकावर एक कसे रचले. आजोबांनी सगळ्या दारांवर खडूने आकडे घातले होते, नव्या घरात तशीच बसवायची म्हणून. नव्या घराच्या चौकटी लहान निघाल्या. ती दारं कुणा नातेवाइकाच्या गोठ्यात राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाची जोती उघडी पडतात. बाबा एकदा कुणाला न सांगता तिथे जाऊन आले होते, हे आम्हाला त्या रात्री कळलं. आजीलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने विचारलं, "तुझ्या फोनमध्ये आवाज भरता येतो ना?"

तेव्हापासून आम्ही भरतोय. स्टेशनपासून सुरुवात करून एकेक गल्ली. कुणाचं दुकान, कुणाची विहीर, कुणाची सून पळून गेली होती. आत्तापर्यंत ११ रेकॉर्डिंग झाली आहेत आणि आम्ही अजून बाजारापर्यंत पोचलेलो नाही.

आता सगळ्यांनाच सिरीज बघून असं काही होतं, असं मी म्हणत नाही. माझ्या यादीत 'द इनर लाइट' नव्हताच. यादीत होतं, 'टीएनजी, सात सीझन, पहिल्यापासून'. आजीने पहिल्यापासून बघितलं असतं तर ती १९८७ मध्येच झोपून गेली असती. मी दुसऱ्यांना सुचवत होते म्हणजे खरं तर मला काय काय माहीत आहे ते दाखवत होते. समोरच्या माणसाला मी काही विचारतच नव्हते.

म्हणून आता कुणी "कुठून सुरू करू?" म्हटलं की मी उलट दोन प्रश्न विचारते. शेवटचं कुठलं पुस्तक किंवा सिनेमा रात्री जागून संपवलंस? आणि एकट्याने बघणार आहेस की घरच्यांसोबत? उत्तरावरून एकच भाग सांगते. सिरीज नाही, भाग. तो आवडला तर पुढचं आपोआप होतं.

तुम्हाला वादविवाद, कोर्टाचे सीन आवडत असतील तर 'द नेक्स्ट जनरेशन'चा 'द मेझर ऑफ अ मॅन' (१९८९) बघा. डेटा नावाचा यंत्रमानव ही वस्तू आहे की व्यक्ती, त्याला 'मला उघडून बघू नका' म्हणायचा हक्क आहे का, यावर खटला चालतो. आणि त्याच्या विरुद्ध बाजू त्याच्याच मित्राला मांडावी लागते.

भाषेत रमणाऱ्यांनी, म्हणजे आपल्या अर्ध्या मंडळाने, 'डारमॉक' (१९९१) बघावा. त्यातल्या परग्रहवासीयांचे शब्द यंत्र बरोबर भाषांतरित करतं, तरी अर्थ लागत नाही, कारण ते फक्त आपल्या पुराणकथांच्या संदर्भांत बोलतात. आपण 'पानिपत झालं' किंवा 'ध चा मा केला' म्हणतो तेव्हा बाहेरच्याला काय कळणार? तसंच.

भीती आवडत असेल तर 'डॉक्टर हू'चा 'ब्लिंक' (२००७). ही सिरीज १९६३ पासूनची, त्यामुळे नवा माणूस बिचकतो. पण या भागात खुद्द डॉक्टर फारसा नाहीच, म्हणून आधीचं काही माहीत नसलं तरी अडत नाही. पुतळे आहेत, तुम्ही बघत नसाल तेव्हाच हलतात. रात्री बघू नका. चित्रकला आवडणाऱ्यांनी त्याच सिरीजचा 'व्हिन्सेंट अँड द डॉक्टर' (२०१०) बघावा, रुमाल जवळ ठेवून.

लहान भावंडांसोबत बघायचं असेल तर 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'. ६१ भाग, ही मात्र पहिल्यापासूनच बघायची. मोठ्यांनाही कंटाळा येत नाही.

राजकारण आवडत असेल तर 'द एक्स्पान्स', सहा सीझन, ६२ भाग. पहिले चार भाग संयम ठेवावा लागतो, हे आधीच सांगते. त्यात लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लोक आहेत. हवा आणि पाणी दोन्ही त्यांना मोजून मिळतं. त्यांची भाषा दहा भाषांची खिचडी आहे आणि पृथ्वीवरचे लोक तिला हसतात. 'करून राहिले', 'देऊन दे' म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना पुण्याच्या नातेवाइकांसमोर जे वाटतं, ते मला या सिरीजमध्ये पडद्यावर दिसलं. शिवाय त्यात साडी नेसून अख्ख्या पृथ्वीचं राजकारण चालवणारी एक आजी आहे. आमच्या आजीला ती फार आवडली, शिव्या मी भाषांतरातून गाळल्या.

कोडी सोडवायला आवडत असतील तर 'डार्क', २६ भाग, वही-पेन घेऊन. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं नसावं.

आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' घरच्यांसोबत नाही. कधीच नाही.

शेवटचं एक. शक्य असेल तर सोबत बसा. नाव पाठवून मोकळं होण्यापेक्षा एक भाग शेजारी बसून बघितला तर समोरचा कुठे हसतो, कुठे सरळ होऊन बसतो, ते दिसतं. पुढचा भाग कुठला सांगायचा ते त्यावरून ठरवता येतं.

फेब्रुवारीत आजीचा नवा चष्मा आला, वाचनालय परत सुरू झालं. तरी रविवारी दुपारी ती विचारते, "आज काही आहे का?" मध्यंतरी समोरच्या काकू आल्या होत्या. मी स्वयंपाकघरात चहा करत होते. आजी त्यांना सांगत होती, "एक दिवस या दुपारच्या, नात लावून देईल. एका गावाची गोष्ट आहे."

जहाज, अंतराळ, कप्तान, कशाचंच नाव तिने काढलं नाही. काकू पुढच्या रविवारी आल्या.